वाकळेच्या घडीतले शब्द

थंडीची चाहूल लागली की हल्ली कपाटांतून ब्लँकेटे आणि कम्फर्टर बाहेर निघतात. ती हलकी असतात, उबदार असतात, वॉशिंग मशीनमध्ये मावतात. त्यांच्याविषयी तक्रार करण्यास जागा नाही. तथापि घराच्या बोलण्यात त्यांनी एकाही शब्दाची भर घातलेली नाही. ज्या वस्तूच्या जागी ती आली, त्या गोधडीची गोष्ट निराळी. ती घरीच जन्माला येई, घरीच झिजे. आणि तिच्या भोवती बसून टाके घालताना बायका जे बोलत, त्यातून संसाराची एक भाषा घडत जाई.

गोधडीला नावे अनेक. दक्षिण महाराष्ट्रात व मराठवाड्यात ती वाकळ, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. तान्ह्या बाळाचे ते दुपटे, चार पदरांची ती चौघडी. जाड दुहेरी सुती वस्त्राला पासोडी म्हणत. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपले ‘पंचीकरण’ अशा पासोडीवरच लिहिले, हे प्रसिद्ध आहे. रजई आणि वाकळ यांतला भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. रजईत कापूस भरावा लागतो आणि तो विकत आणावा लागतो. वाकळेत घरचेच जुनेर जाते. सुई आणि दोरा सोडल्यास तिच्यावर रोकड खर्च असा होत नसे.

कृष्णाकाठच्या एका गावात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी आजही वाकळ शिवतात. त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. आता स्वयंपाक सुनेच्या हाती आहे. परंतु धान्य निवडणे, दुधाला विरजण लावणे, तुळशीला पाणी घालणे ही कामे त्यांनी सोडलेली नाहीत. सकाळची जेवणे उरकली की अकराच्या सुमारास सोप्यात, दाराच्या उजेडात, वाकळ पसरली जाते. चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. ते काम शेजारच्या घरातील शाळकरी मुलगी जाता-येता करून जाते. एकदम सात-आठ सुया ओवून ठेवायच्या, म्हणजे दुपारभर कोणाची वाट पाहावी लागत नाही.

वाकळेचा हिशेब मोठा रेखीव आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे केले आणि दोन-दोन एकमेकांस जोडले की एकाच लुगड्यात वाकळेच्या दोन्ही बाजू निघतात. मध्ये भर घालायची ती जुन्या धोतरांची, सदऱ्यांची, परकरांची. हे थर सुरकुती न पडता एकावर एक अंथरायचे, कडेने वजने ठेवायची, लांबलांब कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी बांधून घ्यायचे, आणि मग काठापासून आत धावदोरा घालत जायचे. दोन मीटर लांबी-रुंदीच्या वाकळेत दोन-दोन सेंटिमीटरांवर ओळी घातल्या तर शंभर ओळी होतात. म्हणजे दोनशे मीटर शिलाई. एक टाका एक सेंटिमीटरचा धरला तरी वीस हजार टाके! तेही सगळे हाताने, घरकाम आटोपून उरलेल्या वेळात.

पूर्वी या कामाला शेजारणी येत. चौघी चार बाजूंना बसत आणि मधोमध भेटत. कोणाच्या लेकीचे लग्न ठरले, कोणाची म्हैस आटली, कोणाचे टाके ढिले झाले, सगळे त्या चौकोनात बोलले जाई. नवी सून तिथेच टाका शिकत असे आणि त्याबरोबर घरात कसे बोलावे, हेही शिकत असे.

आजींचे हे शिकवणे अद्याप चालू आहे. सून स्वयंपाकघरातून सांगते, “आत्या, तांदूळ संपलेत.” आजी सुई न थांबवता म्हणतात, “संपलं म्हणू नये गं, वाढलं म्हणावं.” एके काळी हा नियम घरोघर पाळला जाई. डब्यातले धान्य संपत नसे, ते वाढत असे. बांगडी फुटत नसे, ती वाढवत असे. दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करीत नसे, तोही ते वाढवीत असे. दिवा विझवायचा नसे, मालवायचा असे. निघालेल्या माणसाने ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही; तो ‘लांबडं’. ज्या घरात खरोखरच पुष्कळ गोष्टी नसत, त्या घराने ‘नाही’ हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

आजींची नात शिकून नोकरीसाठी पुण्यास राहते. रोज रात्री तिचा फोन येतो. बोलणे संपवताना ती सवयीने म्हणे, “ठेवते गं आजी.” आजींना ते रुचत नसे. “ठेवते काय? येते म्हण.” फोनवरून कोण कुठे येणार, असे म्हणून नात पहिल्यांदा हसली. पण आता ती ‘येते’ म्हणूनच फोन ठेवते. जुन्या नियमाला नवा प्रसंग मिळाला आणि तो तिथेही चपखल बसला.

वस्त्राशी निगडित असलेले शब्द तर मराठीत जागोजागी विखुरलेले आहेत. बाईच्या पदराच्या टोकाला दोन-चार नाणी गाठ मारून ठेवलेली असत. ती गाठ सोडून दुसऱ्यासाठी खर्च करणे ही पदरमोड. नुकसान सोसावे लागले तर पदराला खार लागला. याचना करायची तर पदर पसरायचा. दुसऱ्याची चूक सांभाळून घ्यायची तर ती पदरात घ्यायची. पुरुषाचा पैसा धोतराच्या कनवटीला असे, म्हणून जवळ राखलेली शिल्लक ती कनवटीची. लक्षात ठेवायचे ते खूणगाठ बांधून. पाय पसरायचे ते अंथरूण पाहून. एखाद्या विषयाचा निकाल लागत नसेल तर ते भिजत घोंगडे, आणि संकट आवाक्याबाहेरचे असेल तर आभाळच फाटले, ठिगळ कुठे कुठे लावणार? सकाळी वाकळेची घडी घालतात तशीच संसाराचीही घडी बसते, आणि कधी विस्कटते. आज मोबाइलवरून पैसे देणारा तरुणही ‘पदरमोड केली’ असे लिहितो, आणि त्याच्या अंगावर पदरही नसतो, गाठही नसते. शब्द उरला; ज्या हालचालीतून तो निघाला ती मात्र दृष्टीआड झाली.

हे का घडले, याची कारणे भावनेत शोधण्यापेक्षा कापडात शोधावीत. वाकळेला सुती जुनेर लागते. वापरून, धुऊन मऊ झालेले सुती कापड घाम टिपते, सुईला वाट देते आणि थरावर थर बसतो. म्हणूनच नवजात बाळाला पहिल्यांदा जुन्या कापडाचेच अंगडे आणि दुपटे देण्याची रीत पडली. इलकलचे टोपपदरी लुगडे, इचलकरंजीची धोतरे आणि पातळे ही या भागातली रोजची वस्त्रे होती. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या लवकर वाळतात, इस्त्री मागत नाहीत, वर्षानुवर्षे फाटत नाहीत. कष्टकरी बाईला त्या सोयीच्या वाटल्या यात नवल नाही. पण त्यांचे थर सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत आणि जुन्या झाल्या तरी मऊ पडत नाहीत. नऊवारी गेली आणि गोल साडी आली, तेव्हा कापडाची लांबीही घटली. उरलेसुरले जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत गेले आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली फळीवर आली. अशा रीतीने वाकळेचा कच्चा मालच सरला. शेजारणींना घरी येऊन बसण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले.

या सगळ्याकडे केवळ हळहळून पाहणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. आजींना कोणी म्हटले, की तुम्हाला पूर्वीपासून शिवणाची हौस असणार, तर त्या सरळ उत्तर देतात, “हौस कसली? पांघरायला दुसरं काय होतं?” त्यांच्या माहेरी आठ माणसांत तीन वाकळा होत्या. कडेला झोपणाऱ्याच्या अंगावरचे पांघरूण मध्यरात्री दुसरा ओढून घेई. ठिगळ, लक्तरे, चिंध्या, पोतेरे हे शब्द आज चित्रमय वाटतात; ते ज्यांच्या अंगावर होते त्यांना ते टोचत असत. वीस हजार टाक्यांचे मोल कोणत्याही जमाखर्चात लिहिले गेले नाही. शुभ बोलण्याच्या रीतीलाही दुसरी बाजू होती. हातातून निसटून फुटलेली बांगडी ‘वाढवली’ म्हणत, आणि पती गेल्यावर स्त्रीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या जात, तेव्हाही तोच शब्द वापरीत. गोड शब्दाखाली कठोर रूढी झाकली जाई. जुन्या बोलीची आठवण काढताना ही नावेची बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर हिशेब जुळणार नाही.

तरीही जमेच्या बाजूस जे उरते ते थोडके नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. प्राचीन ग्रंथ आणि शिलालेख यांमुळे भाषेचे वय सिद्ध होते. पण भाषा रोज वापरात राहते ती स्वयंपाकघरात, सोप्यात आणि अंथरुणापाशी. दाते-कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त हजारो वाक्प्रचार एकत्र केले, सरोजिनी बाबर यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या तोंडचे लोकसाहित्य छापून ठेवले. या थोरांच्या श्रमांमुळे शब्दांचे अर्थ सुरक्षित राहिले. मात्र कोणत्या क्षणी, कोणत्या स्वरात, कोणी कोणाला तो शब्द म्हणावा, हे कोशात सापडत नाही. ते घरातल्या माणसाकडूनच मिळते. शाळेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नापुरता पाठ केलेला वाक्प्रचार परीक्षेनंतर विसरला जातो; तांदळाच्या डब्याशी उभे असताना ऐकलेला जन्मभर सोबत करतो.

सुदैवाने गोधडी अगदीच नाहीशी झालेली नाही. ठिकठिकाणी महिला बचत गट नव्या सुती कापडाच्या गोधड्या शिवून विकतात, शहरांत त्यांना मागणी आहे, परदेशी राहणारी मराठी कुटुंबेही बाळासाठी त्या मागवितात. ज्या श्रमाला कधी दाम मिळाला नाही त्याला तो मिळू लागला, हे स्वागतार्हच आहे. तथापि विकत घेतलेल्या गोधडीत आपल्या घरचे कोणी नसते. आजींच्या वाकळेत आईच्या इरकली लुगड्याचा काठ आहे, यजमानांच्या धोतराचा थर आहे, मुलाच्या शाळेच्या सदऱ्याची दोन ठिगळे आहेत. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही; पिळायला दोघी लागतात. सासू-सुना दोन टोके धरून पिळू लागल्या की एकेका तुकड्याची कथा आपोआप निघते, आणि कथेबरोबर शब्दही.

ज्या घरात अशी आजी, आत्या किंवा मावशी आहे, त्या घराला फार मोठा उपक्रम करण्याची गरज नाही. जुन्या सुती साड्या आणि धोतरे बोहारणीला देण्यापूर्वी दोन-चार बाजूला काढावीत. मोठी वाकळ झेपत नसेल तर येणाऱ्या बाळासाठी हातभर दुपटे शिवावे. शिवताना शेजारी घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने वही घेऊन बसावे आणि तीन रकाने आखावेत: शब्द, प्रसंग आणि तो कोणाच्या तोंडचा. मुख्य म्हणजे त्यातले चार शब्द दुसऱ्या दिवशीच घरात बोलून पाहावेत. वहीतला शब्द टिकतो, पण तोंडातला वाढतो. इथे ‘वाढतो’ हा शब्द सरळ अर्थाने घ्यावा.

आजींची दृष्टी आता मंद होत चालली आहे. हाती असलेली वाकळ शेवटची, असे त्या स्वतःच म्हणतात. दिवाळीच्या सुटीत नात येईल तेव्हा मधल्या चौकोनाच्या ओळी तिने घालाव्यात, म्हणून त्यांनी तेवढी जागा कोरी ठेवली आहे. नातीचे टाके लहान-मोठे येतील, ओळ वाकडी जाईल, याची त्यांना कल्पना आहे. त्या म्हणतात, “जाऊ दे वाकडी. वाकळच हाय ती.”