प्रवेश झाला, पुढे काय?



पोराला नाशकात कॉलेजात घातले, फी भरली, की आपले काम संपले असे आपल्याला वाटते. पण लागण करून पाणीच दिले नाही, तर ऊस येईल का? खोलीभाडे, खानावळ, पुस्तके ही ओढाताण पुढेच सुरू होते. वाडवडिलांनी हे ओळखले होते. म्हणून 1914 साली नाशकात उदोजी मराठा बोर्डिंग निघाले.

आधार आजही आहेत, पण ते विचारल्याशिवाय मिळत नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून तासाप्रमाणे मोबदला मिळवतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या, अटींत बसणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलामुलींना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. ज्याला घर-शेत सोडता येत नाही, त्याला 1989 साली स्थापन झालेले आपल्या नाशिकचेच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

तेव्हा मंडळी, लेकरू बारावीला असतानाच उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा. एका कागदापायी पोरीचे शिक्षण थांबले, तर ते नुकसान कुठल्याच उसाच्या बिलातून भरून निघत नाही.