प्रभाव, उसनवारी आणि दीक्षा : क्राउली व गार्डनर यांच्या संबंधाचा पुनर्विचार

पाश्चात्त्य गूढविद्येच्या इतिहासात 'कोण कोणाचा शिष्य' हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. आपल्याकडे गुरुपरंपरा सांगताना अनुग्रह कोणाकडून मिळाला हे बहुधा निःशंकपणे सांगितले जाते. पाश्चात्त्य गूढ मंडळांत मात्र दीक्षा, ग्रंथ आणि व्यक्तिगत सहवास या तीन गोष्टी एकाच ठिकाणी येतातच असे नाही. अॅलिस्टर क्राउली (१८७५-१९४७) आणि आधुनिक 'विक्का' पंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) यांचा संबंध या दृष्टीने उद्बोधक आहे.

मलायातील जकात खात्यात नोकरी केलेला गार्डनर १९३६ मध्ये निवृत्त झाला. १९३९ मध्ये इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट परिसरातील एका जुन्या चेटूक-मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगत असे. क्राउलीशी त्याची भेट झाली ती १९४७ च्या मे महिन्यात, हेस्टिंग्ज येथील 'नेदरवुड' या निवासगृहात. क्राउली तेव्हा वृद्ध व आजारी होता. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला त्याचे निधन झाले. त्याने गार्डनरला आपल्या 'ऑर्डो टेम्प्ली ओरिएंटिस' या संघटनेची सनद दिली. परंतु अवघ्या काही भेटींवरून गुरु-शिष्य नाते सिद्ध होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तरीही गार्डनरच्या विधिग्रंथात क्राउलीचे उतारे आहेत, ही गोष्ट नाकारता येत नाही. १९१३ मध्ये क्राउलीने रचलेल्या 'नॉस्टिक मास' या उपासनाविधीतील अंश त्यात आढळतात. १९५३ मध्ये दीक्षित झालेल्या डोरीन व्हॅलिएंट यांनी ते ओळखले आणि गार्डनरला त्याविषयी सरळ विचारले. आपल्याला परंपरेने मिळालेले विधी तुटक होते, म्हणून इतरत्र मिळालेल्या मजकुराने ते पूर्ण करावे लागले, असा त्याचा खुलासा होता. व्हॅलिएंट यांनी पुढे क्राउलीचा बराच भाग काढून टाकून संहिता नव्याने लिहिली. (शिष्येने गुरूच्या संहितेवर अशी कात्री चालविल्याचे उदाहरण विरळाच!)

फ्रान्सिस किंग यांनी १९७० मध्ये याहून पुढे जाऊन, गार्डनरने मोबदला देऊन क्राउलीकडून विधी लिहवून घेतले, असे मांडले. या विधानाला विश्वसनीय लेखी पुरावा मिळालेला नाही. उतारे छापील पुस्तकांतून घेता येण्यासारखे असताना लेखक विकत घेण्याची गरज काय, हा साधा प्रश्नही उरतोच.

याहून सूक्ष्म अडचण समान उगमाची आहे. विक्कातील तीन दीक्षाश्रेणी पाहून काहींना क्राउलीची आठवण होते. वस्तुतः श्रेणीबद्ध दीक्षेची ही रचना फ्रीमेसनरीत रुजलेली असून गार्डनर सिलोनमध्ये असतानाच फ्रीमेसन झाला होता. क्राउलीची संघटनाही त्याच साच्यावर उभी होती. दोन शाखा सारख्या दिसतात म्हणून एकीतून दुसरी फुटली असे ठरत नाही. दोन्हींचे खोड एक असू शकते. मंत्रोच्चार व वर्तुळरचनेच्या बाबतीत मॅथर्सने १८८९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या 'की ऑफ सॉलोमन'चाही विचार करावा लागतो.

म्हणून या प्रकरणी शब्दांची उसनवारी सिद्ध आहे आणि संघटनेची सनदही सिद्ध आहे. व्यक्तिगत शिष्यत्व मात्र सिद्ध नाही. अभ्यासकांनी या तिन्ही गोष्टींना 'प्रभाव' हे एकच नाव दिल्यामुळे वाद लांबला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.