अमेरिकन मराठी मिशन

अमेरिकन मराठी मिशन : अमेरिकेतील, विशेषतः न्यू इंग्लंड भागातील, काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चांनी दिलेल्या देणग्यांवर महाराष्ट्रात चाललेले प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मिशन. मुंबई (१८१३) हे त्याचे आद्य केंद्र व अहमदनगर (१८३१, सध्याचे अहिल्यानगर) हे प्रमुख केंद्र होय. पुढे सातारा आणि सोलापूर येथेही त्याचा विस्तार झाला. बीड जिल्हा अहमदनगरला पूर्वेस लागून असला, तरी तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता; मिशनची प्रमुख केंद्रे मात्र ब्रिटिश मुलखात होती. दूर देशीच्या चर्चने परकीय भूमीवरील धर्मकार्याचा भार उचलला म्हणजे त्यातून काय साधते आणि कोणते प्रश्न उद्‌भवतात, हे या मिशनच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

स्थापना : काँग्रिगेशनल पंथात प्रत्येक स्थानिक चर्च स्वायत्त असते; सर्वांवर हुकमत चालविणारा बिशप त्यात नसतो. त्यामुळे परदेशी कार्यासाठी पैसा एकत्र करणारी स्वतंत्र संस्था आवश्यक ठरली. त्या गरजेतून १८१० मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखले जाणारे मंडळ स्थापन झाले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन पूर्वेकडे पाठविण्यात आले. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध होता; शिवाय इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू असल्याने अमेरिकन माणसांविषयी संशयही होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात वाव मिळाला आणि त्यांचा मुंबईतील मुक्काम स्थिर झाला. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परतले. हॉल १८२६ मध्ये नासिकच्या प्रवासात पटकीने मरण पावले. मिशनने सिद्ध केलेला नव्या कराराचा मराठी अनुवाद त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

आर्थिक व्यवस्था : मंडळाचा निधी मुख्यत्वे लहान देणग्यांतून उभा राही. अनेक चर्चांतून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी प्रार्थनासभा भरे. तीत परदेशाहून आलेली पत्रे वाचून दाखवीत आणि मग वर्गणी गोळा करीत. ही पत्रे मंडळाच्या मासिकातूनही छापली जात. त्यामुळे दात्यांना आपल्या पैशाचा विनियोग समजत असे. मात्र मराठी समाजाचे जे चित्र त्यांच्यापुढे उभे राही, ते मिशनऱ्यांच्या दृष्टीतून रंगविलेले असे. १८६८ मध्ये बॉस्टन येथे स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ निघाले आणि स्त्री-मिशनऱ्यांच्या कार्याला निश्चित आधार लाभला. प्रत्येक केंद्राने वर्षाचे अंदाजपत्रक पाठवावे व बॉस्टनच्या कार्यकारी समितीने अनुदान मंजूर करावे, अशी पद्धत होती. त्यामुळे दात्या देशातील तेजीमंदीचे पडसाद दूरच्या केंद्रांवर उमटत. १८३७ च्या अमेरिकेतील आर्थिक संकटात अनुदाने घटली आणि मंडळाच्या सिलोनमधील (सध्याचा श्रीलंका) अनेक शाळा बंद कराव्या लागल्या.

कार्य : या निधीतून शाळा, छापखाना व वसतिगृहे उभी राहिली. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांची शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८४२ मध्ये अहमदनगर येथे ज्ञानोदय  हे नियतकालिक सुरू झाले. मिशनच्या मुंबईतील छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढून मराठी पंचांग छापले. दात्यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा असला, तरी या कार्याचा लाभ ख्रिस्तीतर समाजालाही झाला.

स्वावलंबनाचा प्रश्न : येथील चर्च कायम परक्या पैशावर जगणार काय, हा प्रश्न मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी ठामपणे मांडला. स्थानिक चर्च स्वयंशासित, स्वावलंबी व स्वतः धर्मप्रसार करणारे असावे, असे त्यांचे सूत्र होते. इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांनीही हाच विचार मांडला होता. १८५४-५५ मध्ये अँडरसन भारतात आले असता हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत विनायक मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच वेळी इंग्रजी शिक्षण देणाऱ्या शाळांवरील खर्च आवरून मराठीतील उपदेशावर भर देण्याचे ठरले. स्वावलंबनाचा पुरस्कार करणारा हा निर्णय ज्यांना इंग्रजी शिक्षण हवे होते, त्यांना विचारून झालेला नव्हता. पैसा देणाऱ्याकडेच निर्णयाचा अधिकार राहतो, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

१८९९-१९०० च्या दुष्काळात ती अधिक उघड झाली. अमेरिकेत मोठा निधी जमला व १९०० मध्ये ‘क्विटो’ या जहाजातून मका मुंबईस आला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी अहमदनगर भागात मदतकार्य चालविले. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आणि अनाथ मुलांना आसरा मिळाला. परंतु संकटकाळच्या मदतीबरोबर झालेल्या धर्मांतरांच्या प्रामाणिकपणाविषयी शंकाही घेतली गेली. अशी शंका नवख्रिस्ती कुटुंबांना दीर्घकाळ सोसावी लागली. वस्तुतः त्यांतील अनेकांना धर्मांतरात अन्नापेक्षा अस्पृश्यतेच्या जाचातून सुटका व शिक्षण यांची आशा होती.

या अवलंबित्वावरील उत्तर भारतीय ख्रिस्ती लोकांनीच शोधले. १९०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय मिशनरी संस्थेने भारतीय माणसे व भारतीय पैसा हे तत्त्व स्वीकारले. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही चळवळ आरंभिली. ख्रिस्तनिष्ठा पाश्चात्त्य संघटनेच्या चौकटीबाहेरही फुलू शकते, ही त्यांची भूमिका होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने मिशनना मिळणाऱ्या परकीय द्रव्याची चौकशी केली, तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला व वादग्रस्त ठरला. परकीय देणग्यांवर १९७६ च्या कायद्याने नियंत्रण आले. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. मिशनच्या कार्यातून उभी राहिलेली मराठी चर्चे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त चर्चमध्ये आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये (सी.एन.आय.) समाविष्ट झाली. अशा रीतीने, बॉस्टनच्या अनुदानावर सुरू झालेल्या कार्याचे व्यवस्थापन भारतीयांच्या हाती आले.