गाठीचे नाव, गाठीचा उपाय

वरच्या जबड्यावर न दुखणारी सूज, आणि तिथला सुळा उगवलेलाच नाही. अशी शाळकरी मुलगी तपासायला आली की घरच्यांच्या मनात कर्करोग येतो. बहुधा ती साधी सिस्ट असते. क्वचित दात घडवणाऱ्या पेशींपासून झालेली सौम्य गाठ.

सौम्य गाठीही सारख्या नसतात. सुळ्याभोवती वाढणाऱ्या एका गाठीला पूर्वी ‘अ‍ॅडिनोअमेलोब्लास्टोमा’ म्हणत. त्यामुळे ती अमेलोब्लास्टोमाचीच बहीण वाटे. फिलिप्सेन आणि बिर्न यांनी 1969 मध्ये तिला ‘अ‍ॅडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर’ हे वेगळे नाव सुचवले. ती आवरणासकट सोलून काढली की सहसा परतत नाही.

अमेलोब्लास्टोमा मात्र हाडाच्या पोकळ्यांत शिरतो. नुसता खरवडला तर पुन्हा उगवतो. तो बहुतेक खालच्या जबड्यात होतो. वरच्या जबड्याचे हाड पातळ. लगत सायनस, वर डोळा, मागे कवटीचा तळ. म्हणून इथे भोवतालच्या निरोगी हाडाची कडही काढावी लागते. टाळूला भोक पडले, तर घास नाकात जाऊ नये आणि बोलणे कळावे म्हणून ऑब्च्युरेटर नावाची कवळी बसवतात.

सीटी स्कॅन गाठीचा पसारा दाखवतो. नाव ठरते ते बायोप्सीत. पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या दंत महाविद्यालयांत शस्त्रक्रिया आणि मुखविकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी रुग्णाने विचारावे : तुकडा तपासला का, आणि नाव काय आले?