मांजराचे ताट आणि घरातली गर्भवती

शाहूपुरीत घरभेटीला गेलो, तेव्हा घरची सून ओट्यावर मांजरासाठी कच्चे चिकन कापत होती. सहावा महिना चालू. आम्ही आधी तिला साबणाने हात धुवायला लावले, मग बोललो.

मांजर मूळचेच मांसाहारी; दूध-भातावर त्याचे भागत नाही. पण नुसत्या चिकनवरही भागत नाही. टॉरिन कमी पडले तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. म्हणून कोंबडीचे हृदय घालावे. कलेजी शंभरात पाच भागच. जादा झाल्यास अ जीवनसत्त्व बाधते. १ किलो बिनहाडाच्या मांसात अंड्याच्या कवचाची साधारण ६ ग्रॅम बारीक पूड घातली, की कॅल्शियम मिळते. कांदा-लसूण विषच. बाकीची जीवनसत्त्वे पशुवैद्यकांना विचारून द्यावीत.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. आजारी कोंबडीच्या कच्च्या मांसातून तो घरच्या मांजरालाही होऊ शकतो. म्हणून आम्ही मांस शिजवूनच द्या म्हणतो. टॉरिन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी फेकू नये. शिजलेले हाड मात्र देऊ नये, ते टोचते.

कच्च्या मांसातून आणि मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. ही दोन्ही कामे गर्भवतीकडून काढून घ्या. त्या घरी ती आता सासूबाई करतात.