जुन्या मोटारीचें स्टिअरिंग व त्यांतील तेल

उमरखेडहून पैनगंगा ओलांडून नांदेडकडे जाणारा रस्ता हा नागपूर-तुळजापूर महामार्गाचाच एक भाग होय. उसाच्या हंगामांत त्यावर भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात; उन्हाळ्यांत विदर्भाचा पारा ४३-४४ अंशांवर चढतो. अशा रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षांची मोटार बाळगणाऱ्या कुटुंबास स्टिअरिंग जड झाल्याची जाणीव एखाद्या वळणावर, समोरून ट्रॉली येत असतां होते, आणि ती सुखाची नसते. मग मिस्त्री स्टिअरिंग उघडतो, झिजलेलीं ऑइल सीलें बदलतो, पंप धुतो. सर्व काम उरकल्यावर एक किरकोळ वाटणारा प्रश्न उरतो : टाकींत तेल कोणतें ओतावें ? हजारों रुपयांच्या दुरुस्तीचें आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें.

त्याच्याही आधीं एक खात्री करून घ्यावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी, जुनी अँबॅसडर किंवा महिंद्रांची जुनी जीप यांच्या स्टिअरिंगला मुळीं पंप नसतो. चालकाच्या दंडांतील बळ हीच तेथील शक्ति. त्यांच्या पेटींत दाट गिअर तेल असतें. तेथें पंपाचें पातळ तेल ओतणें म्हणजे तें सीलावाटे जमिनीवर सांडण्याची व्यवस्था करणें होय. उलट अलीकडील बहुतेक लहान मोटारींत विजेचें स्टिअरिंग असून तेलाचा संबंधच येत नाहीं. पट्ट्यावर फिरणारा पंप, त्याची टाकी व नळ्या दिसल्या, तरच पुढील विवेचन लागू पडतें.

पंपाच्या स्टिअरिंगची कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ सालीं एका पिअर्स-ॲरो मोटारीवर प्रत्यक्ष करून दाखविली. विक्रीच्या प्रवासी मोटारींत ती १९५१ सालीं क्रायस्लरच्या इंपीरियल गाडींतून आली. इंजिन पंप फिरवितें, पंप तेलावर दाब देतो, आणि चालकानें स्टिअरिंग वळवितांच एक झडप तो दाब योग्य त्या बाजूस सोडते. स्टिअरिंग टोकापर्यंत वळविलें असतां हा दाब हवेच्या दाबाच्या सत्तर-शंभर पटींपर्यंत जाऊं शकतो. तेलाला मात्र एवढेंच काम नाहीं. पंपाच्या पात्यांना वंगण देणें, उष्णता वाहून नेणें आणि रबरी सीलांचा लवचिकपणा राखणें हींही त्याचींच कामें, आणि त्यांतील शेवटच्या कामाचा विचार क्वचितच केला जातो.

स्टिअरिंगचीं सीलें बहुधा नायट्राइल रबराचीं असतात. खनिज तेलांत हें रबर वर्षानुवर्षें टिकतें. ब्रेकच्या तेलाची गोष्ट निराळी; तें खनिज तेल नव्हेच, ग्लायकोल जातीचा द्रव आहे. त्यांत नायट्राइल रबर फुगतें व निकामी होतें. दोन्ही टाक्या एकाच बॉनेटखालीं असल्यामुळें घाईंत अदलाबदल होते. ब्रेकचें तेल स्टिअरिंगमध्यें गेलें तर नवीं सीलें वायां जातात. स्टिअरिंगचें तेल ब्रेकच्या टाकींत गेलें तर ब्रेकचें रबर फुगून चाकें जखडतात, आणि तो प्रमाद जिवावर बेततो. अशा वेळीं इंजिन सुरूं न करतां गाडी ओढून न्यावी, हेंच शहाणपण.

रंगावरून तेल ओळखण्याची चाल सर्वत्र आढळते, पण ती फसवी आहे. लाल रंग हा गळती दिसावी म्हणून घातलेला निव्वळ रंग होय. आरंभींच्या पॉवर स्टिअरिंगांत आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीचेंच लाल तेल वापरीत. जनरल मोटर्सनें त्या पेटीसाठीं १९४९ मध्यें 'टाइप ए' व पुढें १९६७ मध्यें 'डेक्स्रॉन' हीं प्रमाणें ठरविलीं. पुण्याच्या टाटा सुमोच्या पिढींतील देशी गाड्यांच्या पुस्तिकांत हीच कुळी बहुधा आढळते. परंतु २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यांत जुळणी झालेली स्कोडा ऑक्टेव्हिया हिरवें कृत्रिम तेल मागते. चाळीस अंश उष्णतेवर त्याचा दाटपणा लाल तेलाच्या जवळजवळ निम्मा असतो. तेव्हां दोन्ही 'पॉवर स्टिअरिंगचींच' म्हणून एकांत दुसरें मिसळणें अयोग्य. शिवाय हिरवीं तेलें सगळीं एक जातीचीं नसतात. होंडानें तर आपलें स्वतंत्र तेल ठरवून दिलें असून गिअरपेटीचें तेल त्या जागीं वापरूं नये असें बजावलें आहे.

म्हणून पहिला कौल टाकीच्या झांकणाचा व पुस्तिकेचा. पुस्तिकेंत 'डेक्स्रॉन तीन' असेल, तर आणखी एक गोष्ट जाणून असावी : त्या नांवाचे जनरल मोटर्सचे परवाने २००६ अखेर संपले. आज बाटलीवर तें नांव दिसलें, तर ती त्या तेल-उत्पादकाची स्वतःची हमी समजावी, आणि उत्पादक भरंवशाचा पाहावा. तालुक्याच्या गांवीं ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचें तेल पिंपांतून सुटें मिळतें, स्वस्तही पडतें. पण ६८ क्रमांकाचें तें तेल लाल तेलाच्या सुमारें दुप्पट दाट असतें, आणि उघड्या पिंपांतून धूळ येते ती वेगळीच. गळती थांबविण्याचीं म्हणून विकलीं जाणारीं औषधें जुन्या सीलांना फुगवून कांहीं काळ तग धरवितात. नवीं सीलें बसविल्यावर त्यांचें प्रयोजन राहत नाहीं.

तेल योग्य निवडलें तरी जुनें तेल पूर्ण निघालें पाहिजे. पुढचीं चाकें उचलून, परतीची नळी बाटलींत सोडून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावें व स्वच्छ तेल येईपर्यंत नवें घालीत राहावें. बाहेर आलेल्या तेलांत काळे कण दिसले, तर नळीचें रबर आंतून सुटत आहे. नळी बदलल्यावांचून पुढें जाऊं नये. टाकींतील जाळीही धुवावी. मग इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग पंधरा-वीस वेळां सावकाश फिरवावें, म्हणजे हवा निघून जाते. इंजिन सुरूं केल्यावर फेस आला किंवा पंप गुणगुणूं लागला, तर हवा अजून आंत आहे. इंजिन थांबवून फेस बसूं द्यावा व पुन्हां तेंच करावें. स्टिअरिंग टोकाशीं पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये, आणि काम संपल्यावर तेलाचें नांव व तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती टाकीजवळ चिकटवावी. पुढचा मिस्त्री दुसऱ्या गांवचा असूं शकतो.