भिंतीवरचा कागद आणि मोबाईलमधले ॲप



बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलावे, हे आम्ही इतक्यांदा सांगितले आहे की आता आम्ही शिवारात दिसलो की, 'साहेब, बेणे बदललंय बरं का!' असे तुम्हीच आधी सांगता. पण बेण्याप्रमाणे छापील माहितीही जुनी होते, हे आमच्याच ध्यानात राहिले नाही. त्याचा फटका एका सभासदाला बसला, म्हणून हा लेख.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने मोबाईलवर स्वतः पिकाची नोंद करायची आणि ती सातबाऱ्यावर यायची, अशी ही पद्धत. (कारखान्याकडची ऊस नोंद निराळी. एक केली म्हणजे दुसरी झाली असे नाही.) त्या वर्षी आम्ही माहितीपत्रक काढून सर्व गट ऑफिसांत लावले. 'नोंद चुकल्यास तलाठ्यांना भेटावे' असे त्यात होते. तेव्हा ते बरोबरच होते.

२०२२ च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. तीत आपली नोंद ४८ तासांच्या आत आपणच दुरुस्त करण्याची सोय झाली. ॲप बदलले, भिंतीवरचा कागद तसाच राहिला. एका सभासदाने आडसाली लावणीची नोंद करताना ऊसाऐवजी सोयाबीनवर बोट ठेवले. चूक त्याच संध्याकाळी कळली. गडी सकाळी गट ऑफिसात आला, कागद वाचला आणि तलाठ्यांना गाठायला निघाला. ते दुसऱ्या गावी. तिसऱ्या दिवशी गाठ पडली, तोवर ४८ तास टळून गेले होते. घरबसल्या दोन मिनिटांत होणारे काम, पण त्यापायी पुढे पीककर्जासाठी सोसायटीत खेटे घालावे लागले. यात दोष सभासदाचा नाही, तलाठ्यांचाही नाही. दोष आमच्या कागदाचा.

असे का होते? ॲप एका रात्रीत बदलते, पण कागद बदलण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले नसते. ज्याला ॲप येते तो पत्रक वाचत नाही, म्हणून त्याला चूक दिसत नाही. जो वाचतो तो नवखा, त्याला चूक ओळखता येत नाही. कागद नसता तर त्याने चौघांना विचारले असते. छापील आहे म्हटल्यावर माणूस विश्वास टाकतो. म्हणून जुनी माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट.

आता आम्ही पुढील नियम ठरविले आहेत :

१) प्रत्येक पत्रकावर ॲपची आवृत्ती आणि पत्रक तपासल्याची तारीख राहील.

२) प्रत्येक गटात एकच माणूस पत्रकाला जबाबदार राहील. आवृत्ती बदलली की त्याने पत्रक पुन्हा ताडून पाहायचे.

३) छापण्यापूर्वी पत्रक ॲप कधी न हाताळलेल्या सभासदाच्या हाती देऊन बांधावर नोंद करून पाहायची. तो जिथे अडेल तिथे चूक पत्रकाची समजायची.

४) मुदतीच्या तारखांसारख्या वरचेवर बदलणाऱ्या गोष्टी पत्रकात लिहायच्या नाहीत. त्या कोठे पाहाव्यात तेवढेच लिहायचे.

५) नवे पत्रक लावण्याआधी जुने काढून फाडायचे. शेजारी शेजारी दोन कागद नकोत.

सभासदांनीही एवढे करावे. पत्रकावरची आवृत्ती आणि मोबाईलमधली आवृत्ती जुळते का ते आधी पाहावे. जुळत नसेल तर पत्रकावर विसंबू नये, चिटबॉयला किंवा गट ऑफिसात लगेच सांगावे. मोबाईलवर फिरत येणाऱ्या व्हिडिओंचेही तेच. तो कोणत्या साली काढला, हे आधी विचारावे.

आणि हो, हा लेखही त्याच नियमात बसतो. ४८ तासांची गोष्ट २०२२ सालची आहे. आज काय सोय आहे ते ॲप उघडूनच पाहावे, आणि आमचे काही चुकलेले दिसले तर हक्काने कळवावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी